निशाणी ५ विरोधात गेली, कमिशनचा अर्जही फेटाळला: अपील कशाचं होतं आणि कशाचं नाही

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दुपारच्या सुट्टीत परत एकदा वाचला, कारण त्यात एक नव्हे, तीन प्रश्न गुंतलेले आहेत. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी हकीकत सांगतो. दिग्रसकडे तुमचं साडेतीन एकर वावर आहे, आईच्या नावावर. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या वादातून शेजारच्या कास्तकाराने तालुक्याच्या दिवाणी कोर्टात तुमच्यावर दावा टाकला. एकाच पेशीला दोन आदेश झाले. त्याचा निशाणी ५ चा अर्ज मंजूर झाला, म्हणजे धुऱ्यालगतच्या पट्ट्यात वहिती करायला तुम्हाला तात्पुरती मनाई झाली. आणि कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करावी, हा तुमचा अर्ज नामंजूर झाला. त्याच्या महिनाभर आधी तहसीलदारांनी त्याच धुऱ्यावरून शेजाऱ्याला रस्ता द्यायचा आदेश काढला. कोर्टाच्या आदेशांना आज २२ दिवस झाले. वकीलसाहेब म्हणतात एकाचं अपील होतं, एकाचं होत नाही. गावातले म्हणतात पैसा असला की कशाचंही अपील होतं, वकील टाळतो आहे.

तुमचे वकील बरोबर आहेत. ते टाळत नाहीत, कायदाच तसा आहे. पण २२ दिवस हा आकडा वाचून मला काळजी वाटली, म्हणून सगळ्यात आधी हे करा: मनाईच्या आदेशाच्या नकलेचा, म्हणजे प्रमाणित प्रतीचा अर्ज टाकला आहे का, हे उद्या कोर्ट उघडताच विचारा. टाकला नसेल तर उद्याच टाका. कारण पुढे सांगतो.

मी वाशीम-यवतमाळ पट्ट्यातल्या तालुका कोर्टांत चोवीस वर्षं दिवाणी कामं करतो आहे. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच सांगतो की, साहेब, आदेश चुकीचा आहे, अन्याय झाला. बरेचदा ते खरंही असतं. पण अपील होतं की नाही, हे आदेश किती चुकीचा आहे यावर ठरत नाही. तो कोणत्या जातीचा आदेश आहे, यावर ठरतं. दावा दाखल करायचा हक्क माणसाला मुळातच असतो, तिथे कायद्याने अडवलं नसेल तर कोणीही कोर्टात जाऊ शकतो. अपिलाचं उलट आहे. कायद्यात अमुक आदेशावर अपील चालेल असं लिहिलं असेल तरच अपील, नाहीतर नाही. सुप्रीम कोर्टाने गंगाबाई विरुद्ध विजयकुमार या १९७४ च्या निकालात हा फरक स्वच्छ करून ठेवला आहे.

दिवाणी कोर्ट जे काही ठरवतं त्याचे ढोबळ दोन प्रकार करा. पहिला हुकूमनामा, म्हणजे पक्षकारांच्या हक्काचा निकाल. दावा मंजूर किंवा नामंजूर, वाटणीत कोणाचा किती हिस्सा, जमीन कोणाची. यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खाली पहिलं अपील होतं आणि त्यात पुराव्यासकट सगळं उघडं असतं. दुसरा प्रकार म्हणजे दावा चालू असताना रोज निघणारे आदेश: अर्ज मंजूर, अर्ज नामंजूर, खर्च बसवला, साक्षीदार बोलवा, दुरुस्तीला परवानगी. या ढिगातल्या मोजक्याच आदेशांवर अपील होतं आणि त्यांची यादी कलम १०४ आणि ऑर्डर ४३, नियम १ मध्ये दिलेली आहे. इथे ऑर्डर म्हणजे संहितेतलं प्रकरण, कोर्टाचा आदेश नव्हे. आदेश त्या यादीत सापडला तर अपील आहे. सापडला नाही तर निदान त्या घडीला अपील नाही.

आता तुमचे दोन आदेश त्या यादीशी लावून पाहू.

तात्पुरत्या मनाईचे आदेश ऑर्डर ३९ खाली निघतात आणि ते यादीत आहेत. मनाई दिली तरी अपील, नाकारली तरी अपील. याला आमच्याकडे किरकोळ दिवाणी अपील म्हणतात. नावात किरकोळ असलं तरी धुऱ्याच्या भांडणात बरेचदा हेच अपील सगळ्यात महत्त्वाचं ठरतं, कारण दाव्याचा निकाल लागेपर्यंत वावर कोण वाहणार, हे त्यात ठरतं. ते जिल्हा न्यायालयात दाखल होतं. तुमच्या तालुक्याला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांचं कोर्ट बसत असेल तर तिथेच काम चालेल. मुदत ३० दिवस.

या अपिलात न्यायाधीश काय पाहतात, हे आधीच समजून घ्या, नाहीतर नंतर निराश व्हाल. सगळा दावा नव्याने चालवून ते आपलं मत खालच्या कोर्टाच्या मताच्या जागी ठेवत नाहीत. प्रथमदर्शनी केस कोणाची, मनाई दिल्याने किंवा न दिल्याने जास्त नुकसान कोणाचं आणि ते नुकसान पैशात भरून निघेल का, या तीन गोष्टी खालच्या कोर्टाने नीट तपासल्या का, एवढंच ते पाहतात. वँडर विरुद्ध अँटॉक्स या १९९० च्या निकालापासून हे पक्कं आहे की, खालच्या कोर्टाने आपला विवेक मनमानीने वापरला असेल, कागद पाहिलेच नसतील किंवा ठरलेली तत्त्वं बाजूला ठेवली असतील, तरच वरचं कोर्ट हात घालतं. म्हणून अपिलात 'आमच्यावर अन्याय झाला' हे दहा वेळा लिहून उपयोग नसतो. सातबाऱ्यावर तुमचं क्षेत्र इतकं, जुना नकाशा हा, गेल्या पाच वर्षांच्या पीकपेऱ्याच्या नोंदी या, आणि आदेशात यांचा उल्लेखच नाही, असं बोट ठेवून दाखवावं लागतं. तुमच्याकडे असे कागद दाखल होते की नाही, हे प्रश्नावरून कळत नाही. यश-अपयश बरंचसं त्यावरच आहे.

मनाई तुम्हाला ऐकून न घेता, एकतर्फी दिली असती, तर त्याच कोर्टात ऑर्डर ३९, नियम ४ खाली ती उठवायचा अर्ज हाही एक रस्ता होता. तुम्ही मात्र हजर होता, म्हणणं दिलं होतं, युक्तिवाद झाला होता. तेव्हा तुमचा रस्ता अपिलाचाच.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. अपील दाखल झालं म्हणजे मनाई थांबली, असं अजिबात नाही. वरच्या कोर्टाने वेगळा स्थगिती आदेश दिला तरच ती थांबते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका पक्षकाराने अपील दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या पट्ट्यात ट्रॅक्टर घातला. गावात त्याला कोणीतरी सांगितलं होतं की अपील टाकलं, आता मोकळं आहे. समोरच्याने मोबाईलवर चित्रण केलं, तारखेसकट. मग ऑर्डर ३९, नियम २-अ चा अर्ज लागला. त्या नियमात मालमत्ता जप्त करता येते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येतं. कैद टळली, पण अपिलात त्याची बाजू खरोखर चांगली असूनही न्यायाधीशांसमोर तो हुकूम मोडणारा माणूस म्हणून उभा राहिला. पराटीच्या (कपाशीच्या) चार ओळींसाठी चार वर्षांचं काम नासलं. पेरणी तोंडावर आहे, हात शिवशिवत असतील, मला कल्पना आहे. तरी स्थगिती हातात येईपर्यंत त्या पट्ट्यात पाय ठेवू नका, सालदाराला पाठवू नका, वखरसुद्धा फिरवू नका.

आता कमिशनचा अर्ज. तो ऑर्डर २६, नियम ९ चा. त्यावरचा आदेश यादीत नाही, म्हणून अपील नाही. पुनरीक्षण, म्हणजे ज्याला सगळे रिव्हिजन म्हणतात, तेही होत नाही. कलम ११५ ची दुरुस्ती १ जुलै २००२ पासून लागू झाली. तेव्हापासून आदेश उलटा झाला असता तर दावाच निकाली निघाला असता, अशाच प्रकरणात हायकोर्ट रिव्हिजनमध्ये आदेश बदलू शकतं. कमिशनर नेमला असता म्हणून तुमचा दावा काही संपला नसता.

मग हा आदेश डोक्यावर बसला का? नाही, आणि लोकांना हेच कोणी समजावून सांगत नाही. ज्या आदेशावर आज अपील नाही, तो कलम १०५ प्रमाणे शेवटच्या अपिलात मुद्दा म्हणून घेता येतो. उद्या दावा तुमच्या विरोधात गेला, तर त्या हुकूमनाम्यावरच्या अपिलात तुम्ही लिहू शकता की मोजणीचा अर्ज नाकारल्यामुळे निकाल चुकला. अट एकच, त्या आदेशाचा निकालावर परिणाम झालेला दिसला पाहिजे. हद्दीच्या वादात तो दाखवणं फारसं अवघड नसतं. हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप या २००८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं की, वाद हद्दीचा असताना खालच्या कोर्टाने कमिशनर नेमून मोजणी करून घ्यायला हवी होती.

पण तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. तुमचा अर्ज कोणत्या टप्प्यावर नाकारला, ते आदेशात वाचा. पुष्कळदा कोर्ट म्हणतं, अजून पुरावा सुरू झालेला नाही, कमिशनरला पाठवून पुरावा गोळा करता येणार नाही. कारण तेवढंच असेल तर दोन्ही बाजूंच्या साक्षी झाल्यावर पुन्हा अर्ज करता येतो, आणि माझ्या अनुभवात त्या टप्प्यावर तो मंजूर होण्याची शक्यता चांगली असते. मोजणीची गरज कशी आहे, हे तोवर साक्षीदारांच्या तोंडून रेकॉर्डवर आलेलं असतं. दुसरं, तुमच्या स्वतःच्या गटाची मोजणी करून घ्यायला कोर्टाची परवानगी लागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणी फी भरून अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, मोजणीदार येतो, खुणा दाखवतो आणि तुम्हाला नकाशाची 'क' प्रत मिळते. ती दाव्यात दाखल करा आणि मोजणीदाराला साक्षीला बोलवा. नुसती 'क' प्रत लावून देतात आणि मोजणीदाराला तपासत नाहीत, अशी कितीतरी कामं मी वाया गेलेली पाहिली. समोरचा म्हणतो हा नकाशा मला मान्य नाही, आणि त्याला उत्तर द्यायला पिंजऱ्यात कोणी नसतं.

तिसरा रस्ता नागपूरचा. घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडे रिट याचिका करता येते. गावातले जे म्हणतात ना की पैसा असला की कशावरही वर जाता येतं, त्यामागे ही वाट आहे. पण ते अपील नव्हे. तिथे हायकोर्ट देखरेख करतं: खालच्या कोर्टाने अधिकाराबाहेर जाऊन काही केलं का, किंवा असलेला अधिकार वापरायचाच नाकारला का. आदेश चुकीचा आहे, एवढ्यावर हायकोर्ट त्यात पडेलच असं नाही. मुदतीचं कलम नाही, पण उशीर केला तर तेही विरोधात जातं.

तुमच्या कामात मी आज तरी नागपूरला जा असं सांगणार नाही. मनाईचं अपील जिल्ह्याला, मोजणी भूमी अभिलेखकडून, आणि कमिशनचा अर्ज पुरावा झाल्यावर परत, हा क्रम मला बरा वाटतो. रिटमध्ये दोन-तीन वर्षं गेली तर तेवढा काळ मनाई तुमच्या अंगावर राहणार आहे. मात्र आदेशात कोर्टाने असं लिहिलं असेल की हद्दीच्या दाव्यात कमिशनर नेमताच येत नाही, किंवा धुऱ्यावरची खूण, एखादं जुनं झाड, समोरचा आजच नष्ट करायला लागला असेल, तर माझं मत बदलेल. आदेश समोर नसताना यापेक्षा ठाम सांगणं बरोबर होणार नाही.

आता तुम्ही न विचारलेली पण सांगितलीच पाहिजे अशी बाजू. 'शेवटी अपिलात पाहू' हा सल्ला सगळीकडे चालत नाही. दोन ठिकाणी तो घात करतो. एक, वाटणीच्या दाव्यातला प्राथमिक हुकूमनामा. कोणाचा किती हिस्सा हे त्यातच ठरतं, आणि त्यावर वेळेत अपील केलं नाही तर कलम ९७ प्रमाणे अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात ते हिस्से उकरता येत नाहीत. एका घरातल्या दोन भावांना वाटलं, कागदावर हिस्सा लिहिला तर लिहू दे, जमीन अजून आपल्याच ताब्यात आहे. कलेक्टरकडून प्रत्यक्ष वाटपाला माणसं आली तेव्हा ते माझ्याकडे धावत आले. मधे सहा वर्षं गेली होती. आणेवारी, म्हणजे हिश्श्यांचं प्रमाण, चुकली असेलही, पण ती दुरुस्त करायची वेळ केव्हाच उलटून गेली होती. दुसरं ठिकाण फेरचौकशीचं: वरच्या कोर्टाने काम परत खाली पाठवलं आणि त्या आदेशावर अपील होत असूनही तुम्ही केलं नाही, तर नंतर त्याच्या बरोबर-चुकीबद्दल बोलता येत नाही. हे कलम १०५ मध्येच पुढे लिहिलेलं आहे.

वादपत्र, म्हणजे ज्या कागदाने दावा दाखल होतो तो, फेटाळण्याच्या अर्जात तर एकाच अर्जाच्या दोन उत्तरांना दोन वेगळे रस्ते आहेत. ऑर्डर ७, नियम ११ खाली वादपत्र फेटाळलं, तर कायदा त्याला हुकूमनामा मानतो आणि नियमित अपील होतं. तोच अर्ज नामंजूर झाला आणि दावा पुढे चालू राहिला, तर अपील नाही. तिथे मात्र रिव्हिजन होतं, कारण अर्ज मंजूर झाला असता तर दावा तिथेच संपला असता.

एकतर्फी हुकूमनाम्याचंही सांगतो, कारण पुण्या-सुरतेला कामाला गेलेल्या पोरांच्या नावावर असे हुकूमनामे आपल्याकडे फार होतात. दोन वाटा असतात. त्याच कोर्टात ऑर्डर ९, नियम १३ चा अर्ज करून तो रद्द करून घेणं, किंवा वर अपील. समन्स बजावलंच नव्हतं, बेलीफाने दुसऱ्याच कोणाची सही घेतली, असं असेल तर पहिली वाट धरा. मुदत ३० दिवस, आणि समन्स नीट बजावलं नसेल तर ते दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. तो अर्ज फेटाळला तर त्यावर पुन्हा अपील आहे, यादीत त्याचा समावेश आहे. निकालच कागदांवरून चुकला असेल तर सरळ अपील बरं. दोन्ही एकदम करता येतात, पण आधी अपिलाचा निकाल लागला तर खालचा अर्ज संपतो. म्हणून कोणती वाट धरायची, हे वकिलाबरोबर बसून ठरवा.

जिथे दार खरोखर बंद होतं, ती जागा म्हणजे तडजोड. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कलम ९६ (३) प्रमाणे अपील नाही. फसवून सही घेतली असं म्हणायचं असेल तर ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली त्याच कोर्टात जावं लागतं, वेगळा दावा चालत नाही. लोकअदालतीतल्या निवाड्याचं त्याहून कडक आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे तो अंतिम असतो, त्यावर कोणत्याही कोर्टात अपील नाही. अगदी मर्यादित कारणांवर हायकोर्टात रिट, एवढंच उरतं.

माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. दिराबरोबरच्या दाव्यात लोकअदालतीत तडजोड झाली. पुरसीसवर, म्हणजे कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या लेखी कागदावर, त्यांचा डाव्या हाताचा अंगठा होता, शाई पसरून कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. त्यांना वाटलं विहिरीतल्या पाण्याची पाळी ठरली. कागदात विहीर आणि विहिरीलगतचं अर्धा एकर, दोन्ही सोडून दिलं होतं. त्यांना ते कळलं फेरफाराची नोटीस घरी आली तेव्हा. त्यांच्या वकिलाने वाचून दाखवलं नव्हतं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, घाई होती, गर्दी होती. मी ते प्रकरण नागपूरला नेलं, पण न्यायाधीशांसमोर सही करताना तुम्ही काहीच का बोलला नाहीत, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. लोकअदालत चांगली गोष्ट आहे. मी स्वतः शेकडो भांडणं तिथे मिटवली आहेत, कोर्ट फी परत मिळते, भाऊबंदकी पुढच्या पिढीत जात नाही. पण तुमच्या कामात शेजारी तडजोडीला आला तर पुरसीस घरी घेऊन जा, शिकलेल्या पोराकडून गट नंबर आणि आकार एकेक करून वाचून घ्या, मग अंगठा.

धुऱ्याच्या भांडणात फौजदारीही लागलेली असते म्हणून दोन ओळी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्यातही हे आहे: 'दंड भरून मोकळे होऊ' म्हणून कोर्टात गुन्हा कबूल केला, तर नंतर दोषी ठरवण्याविरुद्ध साधारणपणे अपील होत नाही. शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढाच मुद्दा राहतो. नोकरीच्या प्रयत्नात असलेलं पोरगं आरोपी असेल तर हे फार विचारपूर्वक करा.

आता तहसीलदारांचा रस्त्याचा आदेश. तुम्ही लिहिलं की 'एसडीओकडे', म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, 'अपील टाकणार आहोत'. थांबा, आधी आदेशाचं पहिलं पान काढा आणि वर कोणता कायदा लिहिला आहे ते बघा. खुर्ची तीच, साहेब तेच, शिक्का तोच, पण रस्त्याचे आदेश दोन वेगळ्या कायद्यांखाली निघतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ असेल, तर तो धुऱ्यावरून नव्याने रस्ता देण्याचा आदेश. त्यावर ६० दिवसांत एसडीओकडे अपील करता येतं, किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी दावा. दोन्हींतून निवडताना लक्षात ठेवा, दिवाणी दावा टाकला की त्या आदेशावर अपील किंवा रिव्हिजन चालत नाही, हे त्याच कलमात आहे.

आणि पानावर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ असं असेल, तर तो आधीपासून वहिवाटीत असलेला, कोणी अडवलेला रस्ता मोकळा करण्याचा आदेश. त्या कायद्याच्या कलम २३ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की अपील नाही. कलेक्टरकडे फक्त रिव्हिजन, आणि बऱ्याच ठिकाणी ते अधिकार एसडीओंना दिलेले असल्याने कागद त्याच टेबलावर जातो. लोक फसतात ते इथे. अर्जाचं नाव चुकलं एवढ्यावरून सहसा कोणी बाहेर काढत नाही, पण रिव्हिजनमध्ये पुरावा पुन्हा तोलला जात नाही, प्रक्रिया आणि कायदा पाळला का ते तपासतात. म्हणून मुद्दे वेगळे लिहावे लागतात: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज होता का, रस्ता आधी होता याचा पंचनाम्यात आधार आहे का, स्थळनिरीक्षणाला तुम्हाला बोलावलं होतं का. दिवाणी कोर्टाचा वेगळा निर्णय आला तर त्यापुढे हा आदेश टिकत नाही, तेव्हा तुमच्या चालू दाव्यातही हा विषय आणायचा का, ते वकिलांना विचारा. महसुलाकडे आणखी एक, संहितेच्या कलम २५२ प्रमाणे स्थगिती दिली किंवा नाकारली, यावर अपील नसतं. एसडीओंनी स्टे नाकारला तर त्याच्यावर पुन्हा 'अपील' म्हणून अर्ज टाकण्यात दिवस घालवू नका, मूळ अपिलाची तारीख लवकर मागा.

शेवटी दिवसांचा हिशोब, कारण तुमचं सगळं त्यावर अडलं आहे. ३० दिवस आदेशाच्या तारखेपासून, तो दिवस सोडून. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस यातून वजा होतात, पण फक्त अर्ज टाकल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे. प्रमाणित प्रतीच्या मागे शिक्का असतो, त्यात तारखा हाताने भरलेल्या असतात: अर्जाची तारीख, प्रत तयार झाल्याची तारीख, प्रत दिल्याची तारीख. वजा करायला पहिल्या दोन धरायच्या. समजा तुमच्या वकिलांनी पाचव्या दिवशी अर्ज टाकला आणि बाराव्या दिवशी नक्कल तयार झाली, तर आठ दिवस सुटतात, म्हणजे तुमच्याकडे ३८ दिवस आहेत. नक्कल बाराव्या दिवशी तयार होऊन कपाटात पडून राहिली आणि तुम्ही विसाव्या दिवशी नेली, तर ते मधले आठ दिवस वजा होत नाहीत, तुमच्याच मुदतीतून जातात. आणि अर्ज अजून टाकलाच नसेल, तर गेलेले २२ दिवस गेलेच. उद्या अर्ज टाकल्यावर नक्कल मिळायला लागतील तेवढे सुटतील, पण हातात आल्यावर जेमतेम आठवडा उरेल. ई-कोर्ट्सच्या ॲपवरून काढलेली पीडीएफ वकिलाला वाचायला द्या, त्यावरून अपील लिहून तयार ठेवता येतं. पण दाखल करायला प्रमाणित प्रतच लागते.

मुदत उलटलीच तर मुदत कायद्याच्या (लिमिटेशन ॲक्ट) कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच द्यावा लागतो. कोर्टं त्याकडे उदारपणे पाहतात, पण कारण खरं आणि कागदाने दिसणारं हवं. दवाखान्याची चिठ्ठी चालते. 'वकिलाने सांगितलं नाही' हे एवढंच कारण मी तरी लिहून देत नाही.

अपील टाकायला जाताना हे सोबत ठेवा: मनाईच्या आदेशाची प्रमाणित प्रत, वादपत्र, तुमची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), निशाणी ५ वरचं तुमचं म्हणणं, दोन्ही बाजूंनी दाखल केलेले सातबारे आणि नकाशे, आणि तहसीलदारांचा आदेश. समोरच्याने जिल्हा कोर्टात कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश करू नका' असा आगाऊ अर्ज, टाकलं आहे का तेही विचारा, बहुतेक टाकलं असेल. असेल तर त्याला आधी प्रत द्यावी लागते आणि स्थगिती त्याला ऐकल्याशिवाय मिळत नाही, त्यातही एक-दोन दिवस जातात. जमीन आईच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलं आहे. मग दाव्यात त्याच प्रतिवादी असतील. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्य मिळतं. वकिलाची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीत त्यांचं आधार कार्ड आणि आदेशाची प्रत घेऊन जा. नक्कल विभागातून अर्जाची तारीख कळली की इथेच लिहा, नेमका शेवटचा दिवस कोणता येतो ते मी मोजून सांगतो.